अंगावर काढलं, पण कुणाच्या?

आमच्या बाबांचा पेपर लाल पेनाशिवाय वाचून होत नाही. चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली, आधी शिशाच्या खिळ्यांनी अक्षरं जुळवायच्या काळात आणि मग कॉम्प्युटरवरचं डीटीपी आलं तेव्हाही, त्यामुळे रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी सकाळी चहा संपला की पेन हातात येतोच. ऱ्हस्व-दीर्घ, राहून गेलेला काना, 'आशीर्वाद'मधला उडालेला रफार. प्रत्येकाभोवती छोटा गोल, बाजूला मार्जिनमध्ये दुरुस्ती, आणि मग पेपर घडी करून टीपॉयवर. कुणाला पाठवायचं वगैरे काही नाही हां, मी एकदा विचारलं तर म्हणाले, चूक दिसल्यावर नुसतं पुढे जाता येत नाही गं.

तर 12 जुलै 2024, शुक्रवार. मी संध्याकाळी ऑफिसातून आले, टीपॉयवर पेपर होता, घडी केलेला, आणि आत एकही लाल खूण नव्हती. सोळा पानं, कोरी. मला आधी वाटलं आज वाचलाच नाही. आईला विचारलं तर म्हणाली, सकाळपासून नुसते बसून आहेत, जेवले पण नाहीत नीट, ताप म्हणावा तर नाही, अंगाला कसर वाटतेय एवढंच. मी बाबांना विचारलं, आज चुका नव्हत्या का पेपरात? तर माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठल्या पेपरात?"

हे मी आज लिहितेय कारण त्या कोऱ्या पेपराच्या आधीचे चार दिवस माझ्या खात्यावर आहेत.

सोमवारी ऑफिसात ऑडिट चालू होतं. साडेतीन वाजता, म्हणजे मी वेळ सांगू शकते एवढं स्पष्ट, चहाचा कप उचलला आणि पाठीच्या कण्यातून एक थंड शिरशिरी गेली. दहा मिनिटांत हुडहुडी भरली, एसी बंद करा म्हणून मी ओरडतेय आणि बाकीचे घामाघूम. पाचपर्यंत अंग असं मोडून आलं होतं की खुर्चीतून उठताना आई गं निघालं तोंडातून. सर्दी आणि फ्लू यातला फरक मला आता विचाराल तर मी हेच सांगेन, सर्दी चालत येते, आज घसा खवखवतो, उद्या नाक वाहतं, परवा शिंका, असं दारात चप्पल काढून वगैरे येते. फ्लू आदळतो. किती वाजता आला ते सांगता येतं. ताप एकदम 102-103, डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे, कोरडा खोकला, आणि असा थकवा की मोबाईल उचलायला पण जीवावर यावं.

आणि मग मी काय केलं, तर आपण सगळे करतो तेच. गोळी घेतली. पॅरासिटामॉल पोटात गेलं, तासाभरात घाम फुटून ताप उतरला, आणि मंगळवारी सकाळी मी डबा घेऊन ऑफिसात. बुधवारी पण. घरी कुणी विचारलं तर, काही नाही व्हायरल आहे, सगळीकडे चालूच आहे. ऑफिसात साहेबांनी विचारलं तर, काही नाही, अंगावर काढतेय. आणि हे म्हणताना आवाजात थोडा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. आमच्यात आजारी पडून घरी बसणारा माणूस म्हणजे नाजूक, कामचुकार. अंगावर काढणारा म्हणजे खरा.

ताप उतरला होता म्हणजे व्हायरस गेला नव्हता, हे मला डोक्यात कुठेतरी माहीत असणारच, कोविडमध्ये दोन वर्षं हेच तर ऐकलं आपण. गोळीनं थर्मामीटर फसतो, व्हायरस नाही. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस तो दुसऱ्याला देऊ शकतो, आणि पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त. म्हणजे बरोब्बर ते दिवस, जेव्हा मी गोळीच्या जोरावर फिरत होते. बुधवारी रात्री मी बाबांच्या शेजारी बसून त्यांच्या पायाची नखं कापली. वीस वर्षांचा डायबेटिस आहे, त्यांना स्वतःला वाकून कापू देत नाही आम्ही. नखं कापता कापता मला खोकल्याची ढास आली, दोन्ही हात गुंतलेले, मी मान वळवली फक्त. बाबा म्हणाले, आल्याचा रस घे. बुधवार रात्र ते शुक्रवार सकाळ. फ्लूचा व्हायरस शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुतेक वेळा दोनच.

मला माझा बचाव पण करता येतो. सोमवारी दुपारपर्यंत मला काहीच झालं नव्हतं, तेव्हाच मी दिला असेन, त्याला कोण काय करणार. आमच्या सेक्शनमधला एक जण आदल्या आठवड्यात असाच खोकत ऑडिटच्या फाईली आणून देत होता, त्यानं पण अंगावरच काढला होता. शिवाय पालख्या पुण्यातून जाऊन दहा-बारा दिवसच झाले होते, गावभर गर्दी. पण रात्री झोप येत नाही तेव्हा हे बचाव फारसे कामाला येत नाहीत, ढास आणि नेलकटर आठवतं.

असो. तर शुक्रवारी संध्याकाळी ऑक्सिमीटर शोधला, कोविडमध्ये घेतलेला, सेल गंजलेले. टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून घातले. 91. बोट बदललं, बोट चोळून गरम केलं, परत लावला. 91, 90. ताप 99.4. मला तोपर्यंत वाटायचं की फ्लू म्हणजे सणकून ताप, ताप नाही म्हणजे फ्लू नाही. म्हाताऱ्या माणसात तसं नसतं, नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचं शरीर तापाची ती मोठी भट्टी पेटवतच नाही कधीकधी, त्याऐवजी माणूस गप्प होतो, गोंधळतो, जेवण सोडतो, चालताना तोल जातो. घरच्यांना वाटतं, वय झालं. कोरा पेपर हेच लक्षण होतं आणि ते थर्मामीटरवर दिसणार नव्हतं.

जवळच्या एका दवाखान्यात आधी गेलो, नाव लिहीत नाही, तिथे छातीला नळी लावून, पाऊस आहे, व्हायरल आहे म्हणत अँटिबायोटिक लिहून दिलं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, व्हायरसवर त्याचा शून्य उपयोग, हे आता शाळेतली पोरं पण सांगतील. पण त्या डॉक्टरांचाच सगळा दोष नाही, कारण आपल्याला काहीतरी 'स्ट्राँग' लिहून दिल्याशिवाय फी दिल्यासारखंच वाटत नाही. एक इंजेक्शन मारा डॉक्टर, उद्या कामावर जायचंय. मी हे वाक्य स्वतः बोललेली आहे. 91 चा आकडा मात्र मला स्वस्थ बसू देईना, म्हणून रिक्षा तशीच पुढे मोठ्या हॉस्पिटलला नेली आणि तिथल्या कॅज्युअल्टीत एका अगदी तरुण डॉक्टर मुलीनं पहिला प्रश्न विचारला, घरात गेल्या आठवड्यात कुणाला ताप होता?

मला होता, मी म्हणाले.

नाकात स्वॅबची काडी घातली तेव्हा बाबा एवढे दचकले की माझा हात घट्ट धरला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, इन्फ्लुएन्झा ए, एच3एन2. पण त्या मुलीनं रिपोर्टची वाट बघितली नाही, ऑक्सिजन लावला आणि ओसेल्टामिवीर, म्हणजे आपण ज्याला टॅमिफ्लू म्हणतो ते, लगेच चालू केलं. 75 मिलिग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून दोनदा, पाच दिवस. हे औषध फ्लूच्या व्हायरसला एका पेशीतून सुटून दुसरीकडे पसरू देत नाही, त्यामुळे जितकं लवकर तितकं बरं, पहिल्या 48 तासांत सगळ्यात जास्त उपयोग. पासष्टच्या पुढचे, गरोदर बायका, अगदी लहान मुलं, डायबेटिस, दमा, हृदय-किडनीचे पेशंट, यांच्यात वाट बघत बसायचं नसतं. मी शनिवारी सकाळी तिला विचारलं, मी पण घेऊ का? ती म्हणाली, तुम्हाला पाच दिवस झालेत, तुम्ही बऱ्या होताय, तुम्ही फक्त घरी बसा. 'घरी बसा' हे तिनं अगदी साध्या आवाजात म्हटलं, मला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

सहा दिवस ऑक्सिजन आणि हॉस्पिटल. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात खाली पांढरट ढग. मी मास्क लावून काचेबाहेरून बघायचे, आई आत.

त्या सहा दिवसांत मी फ्लूबद्दल वाचायला लागले, घरी बसून दुसरं काय करणार. आणि जसजशी वाचत गेले तसतसं मला सगळं बाबांच्या छापखान्याच्या भाषेतच कळत गेलं. लहानपणी शाळा सुटली की मी त्यांच्या छापखान्यातच असायचे, शिशाचे खिळे केसमधून उचलून स्टिकमध्ये लावणारे कंपोझिटर, ओलसर गॅली प्रूफं, शाई आणि रॉकेलचा वास. तर आपल्या पेशी विभागल्या जातात तेव्हा डीएनएची जी नक्कल निघते ती तपासून घेतली जाते, चुकीचं अक्षर लागलं तर काढून टाकतात. शास्त्रज्ञ या तपासणीला खरोखरच प्रूफरीडिंग म्हणतात, माझी उपमा नाही ही. आणि फ्लूच्या व्हायरसकडे प्रूफरीडरच नाही! त्याचं सगळं आरएनएवर लिहिलेलं, नकला धडाधड निघतात, तपासायला कुणी नाही, चुका तशाच पुढच्या आवृत्तीत जातात. बहुतेक चुकांनी तो व्हायरसच बिघडतो, वाया जातो. पण एखादी चूक अशी पडते की व्हायरसच्या अंगावर जे काटे असतात, एच आणि एन म्हणतात ते, त्यांचा आकार जरासा बदलतो, आणि गेल्या वर्षी त्याला ओळखणारं आपलं शरीर यंदा फसतं. ऱ्हस्वाचं दीर्घ झालं आणि शब्द ओळखू येईना. म्हणून फ्लू दरवर्षी परत होऊ शकतो आणि म्हणूनच लस पण दरवर्षी नवी घ्यावी लागते, त्यात कंपन्यांची चलाखी वगैरे नाही, मलाही आधी तसंच वाटायचं.

आणि दुसरी गंमत, हिला गंमत म्हणू नये खरं तर. फ्लूचं हे पुस्तक आठ तुकड्यांत असतं. आठ फर्म्यांचं, म्हणजे छापलेल्या पानांच्या आठ जुड्यांचं पुस्तक समजा. छापून झालेले फर्मे बाइंडरकडे जातात, तो क्रमानं लावून शिवतो. बाबा सांगायचे की एकदा बाइंडरच्या दुकानात दोन पुस्तकांचे फर्मे एकत्र झाले आणि एका पाकशास्त्राच्या पुस्तकात मधली सोळा पानं सत्यनारायणाच्या पूजेची निघाली. फ्लूचं तसंच होतं. एकाच डुकराला एकाच वेळी दोन वेगळे फ्लू झाले की त्याच्या पेशीत दोघांचे फर्मे मिसळतात आणि कुणी कधी न वाचलेलं पुस्तक बांधून बाहेर पडतं. 2009 चा स्वाइन फ्लू हे तेच पुस्तक, त्यात डुकरांच्या, पक्ष्यांच्या आणि माणसांच्या फ्लूचे फर्मे शिवलेले होते. किरकोळ चुका होत राहतात तेव्हा नेहमीचा हंगामी फ्लू, आणि फर्मेच बदलले की जगभराची साथ.

2009 पुणेकरांना वेगळं सांगायला नको. 3 ऑगस्टला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू आपल्याकडे झाला, शाळकरी मुलगी. मग नायडू हॉस्पिटलबाहेरच्या त्या रांगा, स्वॅब सगळे आपल्याच एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत जायचे, शाळा-कॉलेज बंद, मल्टिप्लेक्स बंद, मेडिकलमध्ये मास्क संपलेले, पाच रुपयांचा मास्क कितीला विकला जात होता ते आठवत असेल. रुमालात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी आणि त्यावर निलगिरीचे थेंब. आपल्या स्कूटीवाल्या मुलींच्या स्कार्फची तोपर्यंत सगळ्या महाराष्ट्रात चेष्टा व्हायची, त्या वर्षी पहिल्यांदा वाटलं की या पोरी शहाण्या. 23 ऑगस्टला गणपती बसले तेव्हा आरतीला उभं राहताना पण लोक एकमेकांकडे संशयानं बघत होते. आणि तो व्हायरस गेला कुठे? कुठेच नाही. तो आता नेहमीच्या हंगामी फ्लूतला एक झालाय, एच1एन1, दर पावसाळ्यात येतो, फक्त आपण त्याला आता 'व्हायरल' म्हणतो.

बाबांना झालेला एच3एन2 तर त्याच्याहून जुना. तो माणसांत आला 1968 मध्ये. बाबा तेव्हा अठरा वर्षांचे, नुकतेच छापखान्यात लागलेले. म्हणजे बाबांची नोकरी आणि हा व्हायरस एकाच वर्षी सुरू झाले, बाबा रिटायर झाले, तो नाही झाला.

आजी, म्हणजे बाबांची आई, वाईजवळच्या गावची. ती एक शब्द वापरायची, मानमोडी. आम्ही जास्त धिंगाणा केला की म्हणायची, मानमोडी आलीये का तुम्हाला. आम्हाला ती शिवी वाटायची. पुढे कळलं की 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला आपल्याकडे लोकांनी ठेवलेलं ते नाव. आजीचा जन्म त्यानंतरचा, तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं, की जाऊबाई सकाळी नदीवर धुणं धुवून आल्या, दुपारी हुडहुडी भरली आणि तिसऱ्या दिवशी गेल्या, पंचविशीच्या होत्या. घरात सगळे आडवे, पाण्याचा तांब्या द्यायला माणूस उरला नव्हता. आजी हे सांगायची तेव्हा आम्हाला वाटायचं म्हातारी वाढवून सांगतेय. वाढवून नव्हती सांगत. जून 1918 मध्ये मुंबईच्या बंदरातून तो ताप आला, पावसाळ्यात जरा निवला आणि सप्टेंबरमध्ये परत आला तो राक्षस होऊन. 6 ऑक्टोबरला एका दिवसात एकट्या मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. त्यात त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, धान्य महाग, अंगात ताकद नाही. देशात एक कोटीच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे, आणि 1911 ते 1921 हे एकच दशक असं की जनगणनेत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटलेली दिसते. गेली ती पण जास्त करून तरणीताठी माणसं. तेव्हाचा व्हायरस पण एच1एन1च, आजचा त्याच घराण्यातला.

मानमोडी. काय शब्द आहे. ज्यानं कुणी ठेवला त्याला फ्लू झाला असणार, कारण मान खरंच उचलत नाही. आपण त्या शब्दाचं 'व्हायरल' करून टाकलं आणि भीती गेली. भीती जावी पण एवढी पण जाऊ नये. आजच्या घडीला जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की साध्या हंगामी फ्लूनं, साथ वगैरे काही नसताना, जगात वर्षाला श्वसनाच्या आजारांनीच 2.9 लाख ते 6.5 लाख माणसं मरतात. शिवाय फ्लूनंतरच्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका वाढतो, त्यातले मृत्यू फ्लूच्या नावावर कधी लागतच नाहीत. साधा फ्लू.

पाचव्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, आईचा फोन आला, हे पेन मागतायत. मी म्हटलं कशाला? तर हॉस्पिटलच्या जेवणाच्या कागदावर 'मूगाची खिचडी' लिहिलं होतं, ते त्यांना 'मुगाची' करायचं होतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले.

घरी आल्यावर अशक्तपणा जायला मात्र दीड महिना गेला. गणपतीला आरती बसून केली. मी त्यांना सगळं सांगितलं, नेलकटरपासून. मला वाटलं काहीतरी म्हणतील, जाऊ दे गं वगैरे. बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "अंगावर काढलं म्हणतो आपण. पण अंग कुणाचं ते वाक्यात येत नाही बघ. षष्ठी गाळलीये." एवढं बोलून पेपर उघडला.

पुढच्या वर्षी, 2025 च्या मेमध्ये आम्ही लस घेतली. मेमध्येच का, याचं पण कारण आहे, आणि ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडे फ्लू मुख्य करून पावसाळ्यात वाढतो, जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर, आणि मग एक छोटी लाट जानेवारी ते मार्च. अमेरिका-युरोपात तो थंडीत. काश्मीरचं पण तसंच, थंडीचा फ्लू. पावसात भिजल्यानं फ्लू होतो हे खरं नाही, पावसाच्या थेंबात व्हायरस नसतो. पण बाहेर पाऊस म्हणजे आत खिडक्या बंद, हॉलमध्ये दोरीवर ओले कपडे, सगळं घर एका खोलीत, पीएमपीच्या बसच्या काचा वर ओढलेल्या, आणि त्यात कुणीतरी एक खोकणारा. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते की लशीत कोणते व्हायरस घ्यायचे, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपण नकाशावर उत्तरेत, पण बहुतेक भारताला पावसाळ्याआधी मिळणारी ही दक्षिण गोलार्धाची लस वेळेत बसते. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मे. चुकलं तर जूनमध्ये घ्या, जुलैत घ्या, अजिबात न घेण्यापेक्षा बरं.

लस घेतली की फ्लू होतच नाही असं नाही, हे सरळ सांगायला पाहिजे नाहीतर लोक नंतर शिव्या घालतात. व्हायरसशी चांगली जुळली त्या वर्षी डॉक्टरकडे न्यावा लागेल असा फ्लू साधारण 40 ते 60 टक्के टळतो. मी हा आकडा वाचून नाक मुरडलं होतं, एवढंच? मग लक्षात आलं की बाबांचं पण तसंच की, त्यांनी तपासलेल्या पुस्तकातही छापून आल्यावर चार चुका निघायच्याच, म्हणून कुणी प्रूफं तपासणं बंद केलं नाही. आणि लस घेऊनही फ्लू झाला तरी हॉस्पिटलपर्यंत जायची वेळ कमी येते, माझ्या दृष्टीनं मुद्दा तो. दुसरं ऐकायला मिळतं ते, मी लस घेतली आणि लशीनंच मला फ्लू झाला. दंडात टोचतात त्या लशीत जिवंत व्हायरस नसतो, त्यातून फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते, ती येऊ द्यावी. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांना पण देतात, नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर महिन्याच्या अंतरानं दोन डोस. गरोदर बायकांनी तर जरूर, कारण त्या आईकडून जे संरक्षण बाळाला जातं तेच त्याला पहिले सहा महिने पुरतं.

बाकीच्या गोष्टी कोविडनं शिकवल्यात आणि आपण विसरलोय. हात धुणं, कोपरात खोकणं, ताप उतरून गोळीशिवाय चोवीस तास होईपर्यंत घरी बसणं, निघायचंच झालं तर मास्क, एक तरी खिडकी उघडी. या इतक्या साध्या गोष्टींनी काय होणार असं वाटतं ना? इन्फ्लुएन्झा बी म्हणून हंगामी फ्लूचा दुसरा प्रकार आहे, त्याचं एक घराणं होतं, यामागाटा नावाचं, दरवर्षी न चुकता सापडायचं. मार्च 2020 नंतर जगात कुठे ते सापडल्याची पक्की नोंद नाही. सगळे घरात बसले, तोंडं झाकली, त्याला माणसंच मिळेनात आणि आख्खं घराणं बेपत्ता. म्हणून चार व्हायरसची लस आता परत तिनाची होतेय.

काढा, वाफ, हळद-दूध याच्या मी विरोधात नाही, आलं-गवती चहानं घशाला आराम पडतोच आणि तापात मेतकूट-भाताइतकं दुसरं काही गोड लागत नाही. फक्त त्यानं व्हायरस मरत नाही एवढं लक्षात असू द्या, आणि लहान मुलांना उकळत्या भांड्यावर वाफ देताना भाजतं, ते नकोच. पावसाळ्यात ताप आला की डेंग्यू पण असू शकतो, त्यामुळे अंगदुखीवर आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन असलं काही मनानं घेऊ नका, पॅरासिटामॉलच. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, माणूस गोंधळला, लघवी कमी झाली, किंवा ताप जाऊन दोन दिवसांनी उलटून परत आला, तर घरी थांबायचं नाही. आणि घरातलं म्हातारं माणूस रोज करतं ती गोष्ट एक दिवस करेनासं झालं तर, मग ते देवाची फुलं तोडणं असो नाहीतर शेजारच्यांशी भांडणं, ऑक्सिमीटर लावा.

तर मे. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात बाबा, आई, मी आणि माझी लेक, चौघं ओळीनं. दोन माणसांचे मिळून साडेतीन हजार, चौघांचे सात, मला पैसे मोजताना चिमटा बसला हे मान्य करते, मग गेल्या वर्षीचं बिल आठवलं. सिस्टरनं फ्रीजमधून खोकं काढलं, ही लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, त्यावर 2025 दक्षिण गोलार्ध असं इंग्रजीत बारीक छापलेलं. बाबांनी खोकं मागून घेतलं, खिशातून भिंग काढलं आणि पूर्ण वाचलं. त्यात त्यांना काही सापडलं नाही, जरा निराश झाल्यासारखे वाटले. मग सिस्टरनं सहीसाठी मराठीत टाइप केलेला संमतीचा कागद पुढे केला आणि बाबांचा चेहरा खुलला. पहिल्याच ओळीत 'इन्फ्ल्यूएनझा', खाली 'ईजेक्शन', त्याच्या खाली 'दूष्परीणाम'. डावा हात सिस्टरकडे, उजव्या हातात लाल पेन.

"काका, हात सैल सोडा."

"हं."

गोल, मार्जिनमध्ये दुरुस्ती, पुढचा गोल.

"झालं काका, दाबून धरा कापूस."

"काय झालं?"

"टोचून झालं."

"हो का? थांबा जरा," बाबा मान वर न करता म्हणाले, "इथं अजून एक वेलांटी राहिलीये."